सोडलेल्या विषयाचे काय करायचे?

आपल्या मुलाने किंवा मुलीने डॉक्टर व्हावे, ही इच्छा मराठी घराला नवी नाही. नाशिक, सोलापूर, बेळगाव सोडून आपण हेर्त्सोगेनआउराखसारख्या बुटांच्या गावी येऊन राहिलो, संगणकाच्या आणि यंत्रांच्या नोकऱ्यांत रमलो, तरी ही इच्छा लोणच्याच्या बरणीसारखी सामानातून आपल्याबरोबर आलीच. मात्र इथे तिच्यासोबत एक असा प्रश्न येतो, जो आपल्या आईवडिलांना या रूपात कधी पडला नव्हता. मूल अकरावीत असते. पुढच्या दोन वर्षांचे विषय निवडण्याचा कागद शाळेतून घरी येतो. डॉक्टर तर व्हायचे आहे, पण रसायनशास्त्रात जेमतेमच यश मिळत आहे. जीवशास्त्र ठेवले की विज्ञानाचा नियम पुरा होतो. मग रसायन सोडून द्यावे, सरासरी वाढवावी आणि वैद्यकीयची जागा पदरात पाडून घ्यावी का?

नियमाने हे चालते. हिशेबानेही चालते. तरीसुद्धा घरात कोणाच्या तरी मनात शंका येतेच. ज्याला उद्या औषधे लिहून द्यायची आहेत, त्याने औषधांचे शास्त्रच टाळून पुढे जावे, हे बरोबर आहे का? हा प्रश्न वरवर प्रवेशाचा दिसतो. पण मुळात तो नीतीचा आहे. म्हणून त्यावर थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

हिशेब काय आहे?

उन्हाळ्यात इथे येणाऱ्या आजीआजोबांना ही पद्धत समजावून सांगताना आपली तारांबळ उडते, तेव्हा आधी ती थोडक्यात पाहू. बव्हेरियातल्या गिम्नाझियुममध्ये आबिटुर, म्हणजे शाळेची अंतिम परीक्षा, एकूण 900 गुणांची असते. शेवटच्या दोन वर्षांतल्या सहामाही निकालांपैकी 40 निकाल धरतात; त्यांचे जास्तीत जास्त 600 गुण. उरलेले 300 गुण पाच अंतिम परीक्षांचे. ज्याला 823 किंवा अधिक गुण पडतात त्याची श्रेणी 1.0. आपल्याकडच्या उलट, इथे आकडा जितका लहान तितके यश मोठे. जर्मन आणि गणित हे विषय सुटत नाहीत. पण भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र ही तिन्ही विज्ञाने शेवटपर्यंत घेतलीच पाहिजेत असे नाही. आणि वैद्यकीयला अर्ज करताना रसायन घेतलेले असावे, अशीही अट नाही. विषय सोडण्याला जर्मन भाषेत जे क्रियापद आहे, तेच एखाद्या पदाधिकाऱ्याला मतदानाने पदावरून दूर करण्यासाठीही वापरतात. मूल जणू विषयाला मत देऊन घरी पाठवते!

आता जागांकडे पाहू. देशभर वैद्यकीयच्या एका जागेमागे साधारण तीन अर्ज असतात. त्यांतल्या 30 टक्के जागा केवळ आबिटुरच्या गुणांवर भरतात. 10 टक्के जागांसाठी शाळेचे गुण बघतच नाहीत. तिथे वैद्यकीय अभियोग्यता चाचणी, रुग्णसेवेचे प्रशिक्षण अशा गोष्टी धरतात. उरलेल्या 60 टक्क्यांत शाळेचे गुण आणि इतर कसोट्या यांची मिळवणी विद्यापीठे आपापल्या पद्धतीने करतात. ही विभागणी 2020 पासूनची. त्याआधी 20 टक्के जागा निव्वळ वाट पाहणाऱ्यांसाठी असत, आणि ती वाट सात वर्षांहूनही लांब झाली होती. डॉक्टरकी शिकायला लागतात त्याहून जास्त वर्षे नुसत्या थांबण्यात जात! कार्ल्सरुहेच्या घटना न्यायालयाने 19 डिसेंबर 2017 रोजी जुनी पद्धत काही अंशी घटनाबाह्य ठरवली आणि त्यानंतर नुसते थांबून जागा मिळण्याचा मार्ग बंद झाला. शिवाय एकदा उत्तीर्ण झालेली आबिटुर गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे सारे ठाऊक असते. तेव्हा तो एकेका गुणाचा हिशेब करतो म्हणून त्याला हिशेबी म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. हिशेब त्याने मांडलेला नाही. त्याच्यासमोर मांडून ठेवलेला आहे.

एक शब्द, तीन अर्थ

आपली भावंडे जगभर पसरली आहेत. ‘ड्रॉप’ हा एकच शब्द त्यांच्या घरांत वेगवेगळ्या अर्थाने ऐकू येतो.

भारतात ‘ड्रॉप घेणे’ म्हणजे अख्खे वर्ष सोडणे. बारावी झाली, नीटमध्ये 720 पैकी हवे तितके गुण पडले नाहीत, की मूल एक वर्ष बाजूला काढून लातूरला किंवा कोट्याला पुन्हा तयारीला बसते. किती वेळा परीक्षा द्यावी याला मर्यादा नाही, आणि वयाची वरची अटही 2022 साली निघाली. त्याआधी एक ‘ड्रॉप’ दहावीनंतरच होऊन गेलेला असतो, तो गणिताचा. डॉक्टर व्हायचे तर भौतिक, रसायन, जीवशास्त्र पुरे. नीटमध्ये गणिताचा पेपर नाही, मग ते कशाला घ्यायचे, असा साधा विचार असतो. महाराष्ट्रात आज बाह्यरुग्ण विभाग चालवणाऱ्या किती डॉक्टरांनी सोळाव्या वर्षी गणिताला रामराम ठोकला असेल!

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. तिथे ‘ड्रॉप’ म्हणजे सत्र चालू असताना एखादा विषय सोडणे. ठरावीक मुदतीच्या आत सोडला तर त्याची खूणही राहत नाही. मुदत उलटल्यावर सोडला तर गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ हे अक्षर उमटते. सरासरीत ते धरत नाहीत, पण वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात ते लिहावे मात्र लागते. विषय पुन्हा घेतला तर दोन्ही वेळचे गुण मोजले जातात. एखाददुसऱ्या डब्ल्यूने सहसा कोणाचा प्रवेश अडत नाही. पण दर वर्षी एक डब्ल्यू, तोही नेमका सेंद्रिय रसायन किंवा भौतिकशास्त्रासारख्या विषयात, असे दिसले की मुलाखतीत प्रश्न येतो: का सोडलात?

मला तिथल्या पद्धतीतली हीच गोष्ट मोलाची वाटते. तिथे विषय सोडल्याची शिक्षा होत नाही; कारण विचारले जाते. जर्मनीत आणि भारतात हे कारण कोणीच विचारत नाही. संगणक गुण मोजतो आणि मोकळा होतो. म्हणून तो प्रश्न आपला आपल्यालाच विचारावा लागतो.

यात खोटेपणा आहे का?

आधी विषय सोडणाऱ्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणू या.

ही फसवणूक आहे का? नाही. कोणता विषय घेतला आणि कोणता नाही हे गुणपत्रकावर उघड असते. लपवाछपवी जिथे नाही तिथे लबाडीचा आरोप टिकत नाही.

हा इतर मुलांवर अन्याय आहे का? नियम सर्वांना सारखाच आहे, तेव्हा तसेही म्हणता येत नाही. मात्र एक कोपरा दुखरा आहे. कोणता विषय सोडला की किती गुण वाचतात, 900 चा हिशेब कसा बसतो, चाचणीची तयारी केव्हा सुरू करावी, हे ज्या घरांत जेवताना बोलले जाते ती मुले एक पाऊल पुढे असतात. अभियंत्यांच्या आणि डॉक्टरांच्या घरांत ही माहिती सहज मिळते. नुकत्याच या देशात आलेल्या, भाषेशी झगडणाऱ्या घरात ती पोचत नाही. नियम सारखा असला तरी नियमाची जाण वारशाने मिळते. आपण मराठी मंडळी इथे बहुतेक जाणत्यांच्या बाजूला आहोत. म्हणून शेजारच्या घरातल्या मुलाला ही माहिती मोकळेपणाने सांगणे हे आपले कर्तव्य ठरते.

आणि रुग्णाचे काय? रसायन न शिकलेला डॉक्टर रुग्णाच्या जिवावर उठेल का? इथेही भीती वाटते तितकी खरी नाही, कारण सोडलेला विषय वैद्यकीयच्या दारातच पुन्हा भेटतो. जर्मनीत पहिल्या दोन वर्षांत भौतिकशास्त्राची आणि रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके सक्तीची आहेत. दोन वर्षांनंतर जी राज्य परीक्षा होते, जिला विद्यार्थी अजून ‘फिजिकुम’ म्हणतात, तिच्यात शरीररचनेबरोबर भौतिकी, रसायन आणि जीवरसायन असतेच. ती ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वैद्यक आणि रसायन यांचे नाते जुने आहे. आपल्या आनंदीबाई जोशी 1883 साली फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तिथल्या डीन रेचल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. आणि भौतिकशास्त्राशिवाय आजचे रुग्णालय उभेच राहणार नाही. क्ष-किरणांचा शोध 1895 साली आपल्याच शेजारच्या व्युर्त्सबुर्गला लागला, आणि पलीकडचे एर्लांगेन तर आज वैद्यकीय यंत्रांसाठीच जगात ओळखले जाते.

तेव्हा विषय सोडणे ही ना फसवणूक, ना अन्याय, ना रुग्णाचा घात. मग मनात शंका का राहते?

त्याग आणि पळवाट

आपल्याकडे ‘सोडणे’ या गोष्टीचा जितका बारीक विचार झाला आहे तितका क्वचितच कुठे झाला असेल. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नेमून आलेले काम मोहाने सोडणे हा तामस त्याग. काम दुःखाचे आहे, शरीराला कष्ट होतील, या भीतीने सोडणे हा राजस त्याग. अशा त्यागाचे फळ त्यागणाऱ्याला मिळत नाही, असे तिथे म्हटले आहे. आणि काम करीत राहून त्यातली आसक्ती आणि फळाची आशा सोडणे, हा सात्त्विक त्याग.

शाळेच्या कागदाला गीता लावायची का, असे कोणी म्हणेल. पण यात आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. आजचा विद्यार्थी विषय सोडतो आणि गुण धरून ठेवतो. गीता सांगते ते नेमके उलटे आहे. गुण सोड, विषय धर.

हे केवळ पोथीतले बोलणे नव्हे. आपल्या गावापासून एर्लांगेन हाकेच्या अंतरावर आहे. तिथे 1882 साली एमी नोएथर यांचा जन्म झाला. वडील त्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. 1900 साली त्या विद्यापीठात शिकू लागल्या तेव्हा मुलींना रीतसर नाव घालता येत नसे. प्रत्येक प्राध्यापकाची वेगळी परवानगी काढून वर्गात नुसते ऐकायला बसावे लागे. त्या बसल्या. त्या वर्गांचे गुण कोणत्याही कागदावर उतरणार नव्हते, आणि त्यांतून पदवी मिळेल याची खात्री नव्हती. 1903 साली त्यांनी न्यूर्नबर्गला आबिटुरच्या बरोबरीची परीक्षा दिली, 1904 साली एर्लांगेनने मुलींना दार उघडल्यावर नाव नोंदवले आणि 1907 साली डॉक्टरेट मिळवली. पुढेही कित्येक वर्षे त्यांनी तिथे बिनपगारी काम केले. 1918 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतावर आजचे भौतिकशास्त्र उभे आहे. गुण सोडून विषय धरणे म्हणजे काय, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला मिळणार नाही.

पण इथे थोडे सावध राहायला हवे. मोठ्या माणसाचे चरित्र दाखवून लहान मुलाला गप्प करणे सोपे असते. नोएथर यांच्यापुढे गुणांचा रस्ताच नव्हता. आजच्या मुलापुढे तो आहे, आणि त्यावरूनच त्याला जायचे आहे. रसायन धरून ठेवले, गुण घसरले आणि जागा गेली, तर ‘तू सात्त्विक त्याग केलास’ हे सांत्वन त्याच्या काय कामाचे? दुसऱ्याच्या मुलाला असा उपदेश करणे फार स्वस्त आहे. ज्या उपदेशाची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही तो जरा कमीच करावा. शिवाय चांगला डॉक्टर मिळण्याच्या दृष्टीने पाहिले तरी, मनापासून रुग्णसेवा करू पाहणारे मूल चार गुणांसाठी बाहेर राहिले, तर त्यात समाजाचे तरी काय भले झाले?

म्हणजे एका बाजूला भीतीने केलेली पळवाट आहे आणि दुसऱ्या बाजूला न परवडणारा त्याग. या दोहोंच्या मध्ये काही आहे का? मला वाटते, आहे. आणि तो मार्ग डॉक्टरांच्याच व्यवसायात सापडतो.

सोय लावून सोडणे

प्रत्येक डॉक्टरला केव्हा ना केव्हा रुग्ण सोडावा लागतो. खेड्यातल्या डॉक्टरकडे छातीत दुखणारा माणूस येतो. तपासल्यावर कळते की हे आपल्या दवाखान्याच्या आवाक्यातले नाही. अशा वेळी हट्टाने रुग्ण ठेवून घेणारा डॉक्टर शूर नव्हे, धोक्याचा. चांगला डॉक्टर चिठ्ठी लिहितो, काय दिले काय नाही ते नोंदवतो, गाडीची व्यवस्था करतो, पुढच्या रुग्णालयात फोन करतो, आणि दोन दिवसांनी चौकशीही करतो. दुसरा एक डॉक्टर नुसते म्हणतो, “इथे होणार नाही, दुसरीकडे न्या,” आणि पाठ फिरवतो. दोघांनीही रुग्ण सोडला. पण पहिल्याने तो सोपवला, आणि दुसऱ्याने वाऱ्यावर सोडला. कागदावर दोन्ही घटना सारख्याच दिसतील. फरक एवढाच की पहिल्याने सोडताना पुढची सोय लावली होती.

विषयाचेही असेच आहे असे मला वाटते. विषय सोडावा की नाही, हा प्रश्न आपण उगाच मोठा केला आहे. खरा प्रश्न असा की सोडलेल्या विषयाची सोय काय लावली? तो मी केव्हा शिकणार, कोणाकडून शिकणार, आणि शिकलो की नाही हे कोण पाहणार? ज्या मुलाकडे या तीन प्रश्नांना उत्तर आहे त्याने रसायन खुशाल सोडावे. त्याने विषय सोडलेला नाही. त्याची वेळ बदलली आहे. ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याने गुण वाचवले असतील, पण एक सवयही लावून घेतली, की जे जमत नाही त्याच्यापासून नजर फिरवायची. डॉक्टरच्या आयुष्यात ही सवय फार महाग पडते. निदान होत नाही, औषध लागू पडत नाही, नातेवाईक रागावलेले आहेत, अशा वेळी त्याला खोलीबाहेर निघून जाता येत नाही. आणि तिथे डब्ल्यूचे अक्षर नसते.

सोय न लावता सोडलेला विषय पुढे कुठे भेटतो याचे एक उदाहरण देतो, आणि तेही आपल्याकडे सर्रास सोडल्या जाणाऱ्या गणिताचे. समजा, हजार माणसांची एका रोगासाठी चाचणी केली. त्यांतल्या दहा जणांना तो रोग आहे. चाचणी त्या दहांपैकी नऊ जणांना बरोबर ओळखते. पण उरलेल्या 990 निरोगी माणसांपैकी सुमारे 50 जणांनाही ती चुकून ‘रोग आहे’ असे सांगते. म्हणजे 59 माणसांच्या हातात वाईट बातमीचा कागद पडला आणि त्यांत खरे रोगी फक्त नऊ. कागद हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणून समोर बसलेल्या बाईला डॉक्टरने काय सांगावे? “चाचणी नव्वद टक्के अचूक आहे, तेव्हा तुम्हाला रोग असण्याची शक्यता नव्वद टक्के,” असे सांगितले तर ते साफ चूक आहे. खरी शक्यता सहा-सात जणांत एक इतकीच आहे. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत दीर्घकाळ काम केलेले मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी असे प्रश्न डॉक्टरांनाच घातले, तेव्हा पुष्कळ डॉक्टरांची उत्तरे फार चुकली. सोळाव्या वर्षी ज्याचे गुण नको होते, ते गणित चाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या झोपेचा प्रश्न होऊन परत आले!

पण याच अभ्यासाची दुसरी बाजू आशादायक आहे. टक्क्यांची भाषा सोडून ‘हजारातले इतके’ अशा साध्या भाषेत तोच प्रश्न मांडला की त्याच डॉक्टरांची उत्तरे सुधारली. म्हणजे राहून गेलेले शिकता येते. फक्त काय राहून गेले आहे हे मान्य करावे लागते. सोडलेल्या विषयाची आठवण ठेवणे ही सोय लावण्याची पहिली पायरी आहे.

प्रत्यक्षात काय करावे? रसायन सोडणाऱ्या मुलाने त्याचे पुस्तक तरी सोडू नये. पुष्कळ विद्यापीठे पहिल्या सत्राआधी रसायनाचे तयारी वर्ग घेतात. त्यांची चौकशी आधीपासून करून ठेवावी. आणि आपल्या या परिसरात रसायन, भौतिकी, गणित शिकलेली मराठी माणसे काय थोडी आहेत? महिन्यातून दोन शनिवारी चार मुलांना घेऊन कोणी बसले, परीक्षा नाही, गुण नाहीत, नुसते समजून घेणे, तर आपल्या मुलांना नोएथर यांच्या त्या ऐकण्याच्या वर्गांची थोडी चव मिळेल. ज्याचे गुण कोणी देणार नाही असे काही शिकण्यातला आनंद मुलाला एकदा कळला, की पुढचे फारसे सांगावे लागत नाही.

आईवडिलांचा वाटा

आतापर्यंत मुलांविषयी बोललो. पण त्या कागदावर सही आपली असते, म्हणून आपल्याविषयीही बोलले पाहिजे.

हेर्त्सोगेनआउराखला पूर्वी ‘खाली मानेचे गाव’ म्हणत. दासलर बंधूंचे भांडण झाले, आदिदास आणि पुमा असे दोन कारखाने झाले आणि गावाचे दोन तट पडले. माणसे समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याआधी त्याच्या पायांतले बूट पाहत आणि मग बोलायचे की नाही ते ठरवत. आता ते वैर ओसरले आहे. पण घरोघरी आपणही मुलाच्या चेहऱ्याआधी गुणपत्रक पाहत असू, तर खाली मानेची ती जुनी रीत आपणच चालू ठेवली म्हणायची.

चेहऱ्याकडे पाहिले तर कधी कधी निराळेच काही दिसेल. ‘मला रसायन नको’ या वाक्याचा अर्थ दर वेळी ‘मला सरासरी हवी’ असा नसतो. कधी त्याचा अर्थ ‘मी थकलो आहे’ असा असतो. आजारपण, घरातला ताण, नव्या देशातले एकटेपण, यांमुळेही विषय सुटतो. अशा वेळी तो सोडणे हाच शहाणपणा आणि त्याचा सल घरच्यांनी उगाच जागता ठेवू नये. आणि कधी त्या वाक्याचा अर्थ ‘मला डॉक्टर व्हायचेच नाही’ असाही असतो. डॉक्टर होण्याची इच्छा आईची किंवा आजोबांची असते, आणि ते उघडपणे बोलण्याचे धैर्य नसलेले मूल एकेक विषय सोडून तेच सांगत असते. हे ओळखले नाही तर आपण त्याची सरासरी सांभाळत बसू आणि मूल मात्र हातचे जाईल. कुणाच्या दबावाखाली झालेल्या डॉक्टरकडे जायला आपल्यापैकी कोणालाच आवडणार नाही.

ज्याला मनापासून व्हायचे आहे, त्याला मात्र सांगावे की दार एकच नाही. रुग्णसेवेचे किंवा रुग्णवाहिकेवरचे प्रशिक्षण घेतलेल्यांना इथे प्रवेशात त्याचा लाभ मिळतो. बव्हेरियात वैद्यकीयच्या 5.8 टक्क्यांपर्यंत जागा खेड्यांत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी राखलेल्या आहेत; तिथे आबिटुरची सरासरी बघत नाहीत, पण पुढे दहा वर्षे डॉक्टरांची वाण असलेल्या भागात काम करण्याचा करार करावा लागतो. त्या वाटेने जाणाऱ्या मुलाला कोणी रसायनाचे गुण विचारणार नाही. तिथे लोकांत राहण्याची तयारी पाहतात. कोणत्या मुलाला कोणते दार योग्य, हे एकट्या सरासरीवरून कधीच ठरत नाही.

सोळा-सतराव्या वर्षी काही ना काही सोडावेच लागते, कारण सगळे धरून ठेवण्याइतके हात कोणालाच नसतात. मोठेपणीही आपण गाव सोडले, भाषा काही अंशी सोडली, सणवारांची रीत सोडली. त्यांपैकी ज्यांची आपण काही सोय लावली ते टिकले, आणि जे नुसते सुटले ते खरोखरच गेले. मुलांनाही एवढेच सांगू या की सोडताना लाजू नका. पण जे सोडता त्याचे नाव लक्षात ठेवा आणि ते परत घ्यायला कधी जाणार हेही ठरवून ठेवा. मग गुणपत्रकावर काय उमटते आणि काय नाही याची फारशी काळजी करण्याचे कारण उरणार नाही.